दारू, दुरुस्ती आणि डेरी

'सहल' हा शब्द वाटतो तितका सहल नाही. अरबी 'सह्ल' म्हणजे सपाट, मऊ जमीन, चालताना पायाला त्रास होऊ नये अशी. त्यावरून 'सोपे, सुलभ'. अरब माणूस पाहुण्याला 'अह्लन् व सह्लन्' म्हणतो, त्याची फोड 'आपल्याच माणसांत आलात, सपाट वाटेवर आलात' अशी सांगतात. जुन्या मराठीत 'सहल' विशेषण म्हणूनही चाले. सहल काम, सहल गोष्ट. पण 'सोपे' यातून 'फेरफटका' कसा निघाला? इथे दुसरा दावेदार पुढे येतो, तोही अरबीच, 'सैर'. र आणि ल यांच्या अदलाबदलीने 'सैर'चे 'सैल' आणि त्याचे 'सहल' झाले असावे. रूप पहिल्याच्या बाजूने साक्ष देते, अर्थ दुसऱ्याच्या. मला तर वाटते, दोघे वेगवेगळ्या वाटांनी मराठीत आले आणि इथे एकमेकांत मिसळून गेले.

हा विचार डोक्यात आला तो भाचीने पाठवलेल्या एका पत्रकामुळे. ती डब्लिनला शिकते. तिथे परदेशी विद्यार्थ्यांना बेलफास्ट, डेरी आणि अँट्रिमचा किनारा असे उत्तरेकडे फिरवून आणतात, आणि पत्रकावर विषय छापलेले असतात: संस्कृती, अस्मिता, शांतता-उभारणी. याला सहल म्हणायला जीभ कचरते, कारण यातले काहीच सपाट जमिनीवरचे नाही. मग 'अभ्यासदौरा' म्हणावे. 'दौरा' अरबी 'दौर' म्हणजे फेरा यापासून आला. इंग्रजी 'टूर'च्या मुळाशी ग्रीक 'तोर्नोस', म्हणजे वर्तुळ काढायचे किंवा लाकूड गोल कातायचे हत्यार. दोन्ही शब्दांत निघालो तिथे परत येण्याची हमी आहे. प्रवासाला एवढी हमी दुसरा शब्द देत नाही. 'यात्रा' तर मुळीच नाही.

पत्रकावरच्या तीन शब्दांतला खरा गमतीचा शब्द मधला. 'अस्मिता' आज आपण छाती पुढे काढून वापरतो. मराठी अस्मिता, प्रादेशिक अस्मिता, आणि ती दुखावली जाते, जागी होते, पेटते. या अर्थाने तो कन्हैयालाल मुनशींनी गुजरातीत रूढ केला आणि तिथून तो इतर भाषांत पसरला असे मानतात. पण शब्दाचे मूळ घर पतंजलीची योगसूत्रे, आणि तिथे अस्मिता कुठे बसली आहे पाहा: पाच क्लेशांच्या यादीत. अविद्येच्या शेजारी, राग, द्वेष आणि अभिनिवेश यांच्या पंक्तीला. 'अस्मि', म्हणजे 'मी आहे', याचा भाव ती अस्मिता. द्रष्टा आणि दर्शनशक्ती एकच असल्याचा भास. योगशास्त्राच्या दृष्टीने ती घालवायची वस्तू आहे. आता उत्तर आयर्लंडमध्ये 1960च्या दशकाच्या अखेरीपासून 1998पर्यंत जो हिंसाचार चालला, ज्यात साडेतीन हजारांहून अधिक माणसे गेली, त्याला तिथले लोक काय म्हणतात? 'द ट्रबल्स'. शब्दाला शब्द ठेवायचा तर 'क्लेश'. अस्मितेची गणना क्लेशांत करणाऱ्या सूत्रकाराला बेलफास्ट ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण वर्गीकरण जुळते खरे.

तरीही 'ट्रबल्स'ला 'क्लेश' हा प्रतिशब्द मला पुरता पटत नाही. क्लेश एकट्याचे असू शकतात, ट्रबल्स नाही. या शब्दाच्या तळाशी लॅटिन 'तुर्बा' आहे: जमाव, आणि जमावाने केलेला गोंधळ. एकाच शब्दात गर्दीही आणि दंगाही. असा शब्द आपल्याकडे होता, आणि तो 'गर्दी' हाच. लोकलमधली गर्दी ही त्याची अलीकडची, सौम्य झालेली अवस्था. बखरींच्या मराठीत गर्दी म्हणजे कापाकापी, धुमश्चक्री. 1761च्या पानिपताला 'भाऊगर्दी' म्हणत. आज भाऊगर्दी नेत्याच्या वाढदिवसाला होते. मूळ फारसी 'गर्दीदन', फिरणे, उलथणे. आणि त्याच्याही मागे आपला 'वृत्', 'वर्तते'मधला, असावा असे दिसते. एखादा बखरकार बेलफास्टला असता तर त्याने तीस वर्षांच्या या प्रकरणाला 'गर्दी' असेच नाव दिले असते.

मात्र आयरिश बोलण्यात 'ट्रबल'ला आणखी एक छटा आहे, ती ना क्लेशात येते ना गर्दीत. कोणाच्या घरी माणूस गेले की तिथे भेटायला जाणारा हातात हात घेऊन एवढेच म्हणतो की तुमच्या ट्रबलचे वाईट वाटते. म्हणजे आपण ज्याला दुखवटा म्हणतो तो. युद्ध, यादवी, दहशत असले मोठे शब्द टाळून लोकांनी त्या काळाला घरातल्या मृत्यूचे नाव दिले. काहींना ती झाकपाक वाटते. मला तसे वाटत नाही. ज्या गावात प्रत्येक आळीत दुखवटा झाला तिथे हाच शब्द आपसूक तोंडी बसला असणार.

आता डेरीकडे. भाचीने रस्त्यावरच्या पाटीचा फोटो पाठवला होता. पाटीवर गावाचे नाव 'लंडनडेरी', त्यातला 'लंडन' कोणीतरी रंग फासून खोडलेला, आणि खाली तिचा प्रश्न: "मामा, या गावाचं बरोबर नाव कुठलं?"

प्रश्न सरळ आहे, पण त्याच्या उत्तरावरून तिथे माणसाची जात, म्हणजे पंथ, ओळखतात. कॅथलिक आणि राष्ट्रवादी, म्हणजे अखंड आयर्लंड मागणारा, 'डेरी' म्हणतो, प्रोटेस्टंट आणि युनियनवादी, म्हणजे ब्रिटनशी जोडून राहू पाहणारा, 'लंडनडेरी'. निदान कागदावर तरी, कारण घरगुती बोलण्यात पुष्कळ युनियनवादीही डेरीच म्हणतात. कोणाचीच बाजू घ्यायची नसेल तर मध्ये तिरकी रेघ देऊन दोन्ही लिहितात. त्या रेघेवरून जेरी अँडरसन या नभोवाणीवरच्या निवेदकाने गावाला 'स्ट्रोक सिटी', तिरक्या रेघेचे शहर, असे नाव ठेवले आणि ते टिकले. 2013मध्ये गावाला ब्रिटनच्या सांस्कृतिक राजधानीचा मान मिळाला तेव्हा रेघ आडवी करून तिला लाटेचा आकार दिला. भांडण तेच, रेघ जरा मवाळ.

यातले 'लंडन' 1613चे. पहिल्या जेम्सच्या सनदेने लंडनच्या व्यापारी मंडळ्यांना इथे वसाहत करायला दिली, त्यांनी तट बांधला आणि आपल्या गावाचे नाव पुढे जोडले. (लंडन हे नाव कुठून आले यावर पंडितांचे अजून एकमत नाही, तेव्हा त्या वाटेने जाण्यात अर्थ नाही.) डेरी मात्र स्वच्छ आहे. आयरिशमध्ये ते 'दोइरे' असे लिहितात, उच्चार 'देऱ्ये'च्या जवळपास. जुन्या आयरिशमध्ये 'दइरे'. अर्थ ओकची राई. आधी 'दोइरे काल्गाख', काल्गाखची राई. मग सहाव्या शतकात संत कोलम किले याने तिथे मठ स्थापला असे परंपरा सांगते, म्हणून 'दोइरे कोलम किले'. राईतले एकही झाड तोडायला त्याचे मन घेत नसे अशी आख्यायिका आहे. आपल्या देवराईची रीतही तीच: वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. म्हणून मी 'दोइरे'ला वन, उपवन, कुंज हे सगळे सोडून 'राई' म्हणतो. राई हा शब्द 'राजि', म्हणजे ओळ, यावरून आला असावा. आमराई ही आम्रराजि. ओळीची राई झाली आणि ओळ मोडून गेली.

'दोइरे'च्या आत 'दइर' आहे, ओक. (ओक आडनावाच्या मंडळींनी उगीच खूश होऊ नये, तो शब्द वेगळा.) किल्डेअर म्हणजे 'ओकची मठी', डरो म्हणजे ओकचे माळरान. आणि 'दइर' जिथून निघतो ते मूळ आपल्या घरचेही आहे: 'दारु' आणि 'द्रु'. संस्कृतात दारु म्हणजे लाकूड, देवदार, दारुहळद. द्रुम म्हणजे वृक्ष. ग्रीकांनी 'द्रुस' हे नाव ओकलाच दिले, इंग्रजांनी 'ट्री' कुठल्याही झाडाला. ज्याच्या रानात जे झाड मुख्य, त्याने मूळ शब्द त्याच्यावर डकवला असे दिसते.

या घराण्यातली माझी आवडती माणसे मात्र झाडे नव्हेत, भांडी आहेत. 'द्रोण' हा 'द्रु'चा वंशज: मुळात लाकूड कोरून केलेले पात्र, काठवट. द्रोणाचार्य अशाच पात्रात जन्मले म्हणून त्यांचे ते नाव. त्याच्या स्त्रीलिंगी रूपापासून आपली डोण, गुरांना पाणी पाजायची, आणि कोकणातली डोणी. पुढे लाकूड गेले आणि पळसाच्या पानांना काड्या टोचून केलेला, आमटी सांडणारा द्रोण उरला. त्याच पंगतीत वाढप्याच्या हातात 'डाव' असतो; तो संस्कृत 'दर्वी'वरून, आणि दर्वी ही 'दारु'वरून, लाकडाची पळी म्हणून, असे बहुतेक जण मानतात. म्हणजे द्रोणात डावाने आमटी पडते तेव्हा एका धातूची दोन लेकरे हजर असतात.

आणि 'दारू'? फारसी 'दारू' म्हणजे औषध. झाडपाल्याचे औषध, म्हणून 'दारु'शी नाते असावे असा तर्क आहे आणि तो मला पटतो. 'दवादारू' या जोडशब्दात औषधाचा अर्थ अजून जिवंत आहे. बाटलीतली दारू आणि तोफेतली दारू हे नंतरचे प्रताप. इथे आयरिश मंडळी आपल्याला मागे टाकतात: त्यांची व्हिस्की म्हणजे 'इश्के बाहा', जीवनाचे पाणी. 'इश्के' हा 'उदका'चा चुलत भाऊ, 'बाहा' हा 'जीविता'चा. आपल्याकडे 'जीवन' म्हणजे पाणी. त्यांनी जीवन आणि पाणी एकत्र करून ते पिंपात मुरवत ठेवले.

'ड्रुइड' या केल्टिक पुरोहितांच्या नावात 'द्रु' आणि 'विद्' हे दोन्ही धातू असल्याचे मानतात. ओक जाणणारा, किंवा दृढ ज्ञानाचा. मूळ कल्पना कोणती, हा प्रश्न उरतो. ड्रुइड आणि द्रविड यांचा संबंध जोडणारे लेख अधूनमधून वाचनात येतात, त्यांना ध्वनिसाम्यापलीकडे आधार नाही. भाषांची नाती तपासून पाहणाऱ्यांत दोन आयरिश माणसे आपल्या ओळखीची निघतात. व्हिटली स्टोक्स हा डब्लिनचा. तो 1862मध्ये हिंदुस्थानात आला, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कायदा-सदस्य झाला, आपल्या त्या काळच्या दिवाणी आणि फौजदारी प्रक्रियेच्या संहितांवर त्याचा हात फिरला. आणि कचेरी सुटली की तो जुन्या आयरिशच्या टिपणांत बुडून जाई. दुसरा ग्रिअर्सन, डब्लिनजवळ जन्मलेला, ट्रिनिटी कॉलेजात संस्कृत शिकलेला. त्याच्या हिंदुस्थानी भाषांच्या पाहणीचा सातवा खंड, 1905चा, मराठीला वाहिलेला आहे.

'द्रु'ची मौज पुढेच आहे. जुन्या इंग्रजीत 'त्रेओव' म्हणजे झाड, आणि 'त्रेओव' म्हणजेच वचन, इमान. 'ट्रू', 'ट्रस्ट' आणि 'ट्रूस' त्याच कुळातले. ट्रूस हे मुळात अनेकवचन: दिलेली वचने. 11 जुलै 1921ला भर दुपारी आयरिश बंडखोर आणि ब्रिटिश फौजा यांच्यात जी युद्धबंदी झाली तिचे इतिहासातले नाव 'ट्रूस' हेच. झाडाचे आणि इमानाचे नाते लावताना जुने पंडित म्हणत, ओकसारखा ताठ तो खरा. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ बेनव्हेनिस्तने हे उलटे केले: मूळ अर्थ 'घट्ट, भक्कम' असा, आणि झाड हे त्या भक्कमपणाचे एक उदाहरण. माझा कौल बेनव्हेनिस्तला, कारण इराणी शाखा त्याच्या बाजूने उभी राहते. इराणी सम्राट दारयवहूच्या बेहिस्तूनच्या शिलालेखात 'दुरुव' शब्द येतो, 'माझा देश शाबूत राहो' अशा जागी. तिथे झाडाचा मागमूस नाही. संस्कृतात त्याच्या तोडीचा शब्द 'ध्रुव'. द चा ध कसा झाला ही अडचण आहे खरी. 'धृ' धातूची सावली पडली असावी. अभंगांच्या पोथीत कडव्याशेजारी 'ध्रु.' छापलेले असते तो हाच, न हलणारा. आणि फारसीत 'दुरुव'च्या कुळातून उतरला 'दुरुस्त'. शाबूत, धडधाकट, मग बरोबर. तन दुरुस्त तो तंदुरुस्त. फारसीत दुरुस्त असणे ही अवस्था होती, मराठीने तिला 'दुरुस्ती' हे काम लावले: कौलांची दुरुस्ती, पंपाची दुरुस्ती, शुद्धलेखनाची दुरुस्ती.

तेव्हा भाचीने डेरीचे 'दुरुस्त' नाव विचारले असते तर प्रश्नातच अर्धे उत्तर होते.

तिरक्या रेघेचा खटला कोर्टातही गेलेला आहे. 1984मध्ये नगरपालिकेने आपल्या नावातले लंडन काढून 'डेरी सिटी कौन्सिल' असे नाव घेतले. 2007मध्ये न्यायालयाने निकाल दिला की पालिकेचे नाव बदलले तरी शहराचे कायदेशीर नाव लंडनडेरीच. म्हणजे डेरीची पालिका लंडनडेरीचा कारभार पाहू लागली. बेळगावच्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. तिथेही मुळात झाडाचेच नाव, वेणुग्राम, आणि पाटी कोणत्या लिपीत, शेवटचे अक्षर 'व' की 'वी', यावर पिढ्या खपल्या. योगायोग असा की आयर्लंडमधून आलेला 'होमरूल' हा शब्द घेऊन टिळकांनी 1916मध्ये संघ काढला तो बेळगावात.

नावे बदलण्याचे सर्वांत मोठे काम मात्र सनदेने केले नाही, नकाशाने केले. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश मोजणी-खात्याने आयर्लंडचा इंच न् इंच मोजला आणि गावोगावची आयरिश नावे इंग्रजी कानाला झेपतील अशी लिहून काढली. जॉन ओडोनोव्हन हा त्या खात्यातला पंडित म्हाताऱ्यांना विचारून मूळ रूपे टिपत असे. त्याच्या पत्रांशिवाय आज कितीतरी नावांची व्युत्पत्ती लागली नसती. या मोजणीची पायारेषा 1827-28मध्ये मोजली ती डेरीजवळच्याच लॉक फॉइलच्या काठी. ऊन लागून लांबी बदलू नये म्हणून पितळ आणि लोखंड जोडून केलेल्या खास पट्ट्या मोजणीप्रमुख कोल्बीने तिथे वापरल्या, आणि तशाच पट्ट्या घेऊन जॉर्ज एव्हरेस्ट 1830मध्ये हिंदुस्थानात परतला. म्हणजे ज्या मापाने आयर्लंडची नावे बदलली त्याच जातीच्या मापाने पुढे आपली मोजणी झाली. ब्रायन फ्रीलचे 'ट्रान्सलेशन्स' हे नाटक याच नकाशावाल्यांवर आहे आणि त्याचा पहिला प्रयोग 1980मध्ये डेरीच्याच गिल्डहॉलमध्ये झाला. अभ्यासदौऱ्यातल्या मुलांना ते आधी वाचून यायला सांगितले पाहिजे. तटावरून दीड किलोमीटर चालताना वाटाड्या जे सांगतो ते अर्धे त्यातच आहे.

तटावरून खाली दिसते ते बॉगसाइड, कॅथलिक वस्ती. एका घराची फक्त बाजूची भिंत राखून ठेवली आहे. मुक्त डेरीत प्रवेश करीत आहात अशा अर्थाचा मजकूर 1969पासून तिच्यावर आहे. आसपासच्या भिंतींवर मोठमोठी चित्रे. 30 जानेवारी 1972ला इथेच ब्रिटिश पॅराशूट तुकडीने नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या; 13 जण त्याच दिवशी गेले, एक पुढे गेला. लॉर्ड सॅव्हिल यांच्या चौकशीचा अहवाल 15 जून 2010ला बाहेर आला, ती माणसे निर्दोष ठरली आणि पंतप्रधान कॅमेरॉन यांनी संसदेत माफी मागितली. अडतीस वर्षांनी झालेल्या या गोष्टीला नोंदीतली दुरुस्ती म्हणावे, न्याय म्हणावा की नाही हे तिथल्या घरांनी ठरवायचे. फॉइल नदीवर 2011मध्ये नागमोडी पादचारी पूल झाला, त्याचे नाव 'पीस ब्रिज'. या एका नावावर मात्र रेघ पडलेली नाही.

आयर्लंडमधून आपल्याकडे आलेला आणखी एक शब्द सहलीच्या पत्रकात नसतो. मेयो परगण्यात लॉक मास्कच्या काठी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा जमीनदाराचा कारभारी होता. 1880मध्ये कुळांनी त्याच्याशी व्यवहार तोडले: गडी मिळेना, दुकानदार माल देईना, टपाल पोचेना. या प्रकाराला 'ऑस्ट्रासिझम' हा जड ग्रीक शब्द शेतकऱ्यांना पेलायचा नाही म्हणून फादर ओमॅली या धर्मगुरूने कॅप्टनचेच नाव सुचवले असे सांगतात. मराठीला शोध करायची गरजच नव्हती. 'वाळीत टाकणे' तयार होते. पण 1905नंतर विलायती मालावर हे हत्यार चालवायची वेळ आली तेव्हा टिळकांच्या चतुःसूत्रीत वाळीत आले नाही, 'बहिष्कार' आला. 'वाळीत'ला जातपंचायतीचा वास मारत होता, संस्कृत शब्द धुतलेला वाटला असावा. धुऊन वास गेला नाही हे आंबेडकरांनी 1927मध्ये आपल्या पत्राला 'बहिष्कृत भारत' असे नाव देऊन दाखवले, आणि 2016मध्ये महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो जातपंचायतींसाठीच. आयर्लंडमध्ये दुबळ्यांनी सबळाला वाळीत टाकले म्हणून शब्दाला तेज चढले. आपल्याकडे तोच शब्द दोन्ही दिशांनी चालतो.

पत्रकावरचा तिसरा शब्द शांतता. आयरिशमध्ये तिला 'शीओखान' म्हणतात. दक्षिणेतल्या पोलिसांचे नावच 'गार्दा शीओखाना', शांततेचे रक्षक. शब्दाच्या पोटात जुना 'शीध', आणि त्याचे मूळ 'बसणे' या अर्थाचा धातू असल्याचे मानतात, म्हणजे आपला 'सद्'. सदन, संसद, परिषद, उपनिषद हे सगळे त्याचे. परीलोकाच्या टेकाडालाही आयरिशमध्ये हाच शब्द आहे, बहुधा 'आसन' या अर्थाने. थोडक्यात, शांतता म्हणजे बसलेली अवस्था. आपल्या 'शम्'मध्ये थकून निवणे आहे, 'शीओखान'मध्ये एकत्र बैठक. बॅलीकॅसलजवळ कोरीमीला नावाचे केंद्र 1965पासून दोन्ही बाजूंच्या मुलांना अशी बैठक घालून देते, आणि अभ्यासदौरेही तिथे थांबतात. नावाचा अर्थ 'सलोख्याची टेकडी' असा संस्थापकांचा समज होता; पुढे जाणकारांनी तो 'ओलांडायची खडबडीत जागा' असा लावला म्हणतात. केंद्राच्या लोकांना हा दुसरा अर्थच अधिक आवडतो, आणि मलाही.

'सलोखा' आपल्याकडेही चक्रावतो. अरबीतले दोन शब्द त्यावर हक्क सांगतात: 'सुल्ह', समेट, आणि 'सुलूक', वागणूक. अर्थ पहिल्याला धरून आहे, शेवटचा ख दुसऱ्याला. 'सुलूक'चा मूळ अर्थ वाटेने चालणे. सूफी साधकाच्या मार्गाला तोच शब्द. तो खरा असेल तर सलोखा हाच मुळात प्रवास. 'तह' मात्र बसका शब्द, फारसीत तळ किंवा घडी. भांडणाची घडी घालून ठेवणे. घडी पुन्हा उलगडता येते, हेही त्यात आलेच.

ट्रबल्स मिटवणाऱ्या 10 एप्रिल 1998च्या कराराची घडी तर कितीदा उलगडली. त्यालाही दोन नावे आहेत, हे सांगायला नकोच: राष्ट्रवाद्यांच्या तोंडी 'गुड फ्रायडे करार', युनियनवाद्यांच्या तोंडी 'बेलफास्ट करार'. त्याने उभी राहिलेली विधानसभा 2002पासून 2007पर्यंत स्थगित होती आणि पुढेही बंद पडत राहिली. 'स्थगित' म्हणजे मुळात झाकलेले, 'स्थग्', झाकणे. याच कुळात आयरिश 'चाख', घर, बसतो असे मानतात, छप्पर घातलेले म्हणून. उन्हाळ्यात डब्लिनची शाळकरी मुले आयरिश शिकायला डोनेगलला जातात आणि ज्या बाईच्या घरी उतरतात ती 'बॅन अन टी', घरची बाई. 'बॅन' ही वैदिक 'ग्ना' आणि फारसी 'झन' यांची बहीण, आपल्या जनानखान्यातली. डोनेगलचा अर्थ 'परक्यांचा कोट'. आयरिश मात्र तिथेही टिकली.

कराराला 22 मे 1998ला कौल मिळाला. उत्तरेत 71 टक्क्यांवर, दक्षिणेत 94 टक्क्यांवर. दक्षिणेचा कौल होता घटनादुरुस्तीला, एकोणिसाव्या. सगळ्या बेटावर हक्क सांगणारी दोन आणि तीन ही कलमे बदलून बहुसंख्यांच्या संमतीची अट घातली गेली, आणि ती डिसेंबर 1999मध्ये अमलात आली. आयरिश राज्यघटना दोन भाषांत आहे आणि फरक पडला तर आयरिश पाठ प्रमाण मानतात. त्या पाठात दुरुस्तीला 'लासू' असा शब्द आहे. 'लास' म्हणजे हित, भले. 'लासू' म्हणजे भले करणे, सुधारणे. शेतकरी मात्र हेच क्रियापद शेतात खत घालण्यासाठी वापरतो.

मराठीत नेमके उलट झाले आहे. शेतातले 'खत' संस्कृत 'खात', खणलेला खड्डा, यावरून आले असावे. खरेदीखत, गहाणखत यांतले 'खत' अरबी 'खत्त', रेघ किंवा लिखाण. आयरिशमध्ये शब्द एक आणि कामे दोन, आपल्याकडे शब्द दोन आणि रूप एक. 2023मध्ये महाराष्ट्र शासनाने 'सलोखा योजना' काढली: एकाचे शेत दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याचे पहिल्याच्या, असे वर्षानुवर्षांचे वाद असतील तर दोघांनी अदलाबदलीचा दस्त करावा, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी प्रत्येकी नाममात्र 1000 रुपये. जुन्या भाषेत त्या दस्ताला अदलाबदलखत म्हणत. ते नोंदवले की मग ज्याने त्याने आपापल्या शेतात दुसरे खत टाकायचे.